वाड्याचं कलादालन करायचंय? आधी वाड्याला काय मानवतं ते बघा

तुमचा प्रश्न मला असा समजला. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावी दोन चौकी वाडा आहे, बांधकाम साधारण १८६० च्या सुमाराचं. पुढचा चौक माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, मागचा कौलारू. घरच्या ट्रस्टकडे साठेक चित्रं आहेत: तैलरंगातली व्यक्तिचित्रं, जलरंगातली निसर्गचित्रं आणि रविवर्मा छापखान्याचे काही ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं. शिवाय जिल्ह्यातल्या आजच्या चित्रकारांनी कामं द्यायचं कबूल केलंय. इंटिरिअरवाल्याने कोटेशन दिलंय: भिंतींना पीओपी, वर फॉल्स सीलिंग, प्रत्येक दालनात स्प्लिट एसी आणि पुढच्या चौकावर पॉलिकार्बोनेटचं छत. हे बरोबर आहे का आणि खर्च कुठे वाचेल, असं तुम्ही विचारलंय.

त्या चारही गोष्टी वाड्याला घातक आहेत. खर्च सगळ्यात जास्त तिथेच वाचेल. पण कोटेशनच्या मागे एक मोठा प्रश्न आहे, तो आधी सोडवायला हवा. या वाड्यात कोणतं चित्र कुठल्या खोलीत, वर्षातले किती महिने सुखरूप राहील? आणि जे राहणार नाही त्याची सोय कुठे करायची? नवी इमारत बांधताना आपण संग्रह बघून खोल्या बांधतो. वाड्यात खोल्या आधीच ठरलेल्या असतात; त्यांना मानवेल तोच संग्रह तिथे लावायचा. हे एकदा मान्य केलं की अर्ध्याअधिक यंत्रांची गरजच उरत नाही.

वाडा न बघता काही गोष्टी ठामपणे सांगता येत नाहीत. भिंती तळापासून पांढऱ्या मातीच्या आहेत की जोत्यावर पाच-सहा फूट दगड-चुना आणि वर भाजकी वीट आहे? माळवदावर आजवर किती माती चढली आहे? गेल्या तीस-चाळीस वर्षांत कुणी बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय का? मागच्या भिंतीला लागून मोरी किंवा नगरपालिकेचं गटार जातं का? या उत्तरांनी पुढचं बरंच बदलेल. हवामानाचंही तसंच. देशावर एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टात ८५ च्या वर जाते. कोकणात नि गोव्यात उन्हाळाही दमट असतो, त्यामुळे हेच उत्तर तिथल्या घराला जसंच्या तसं लावू नये.

आता कोटेशन. पीओपी म्हणजे जिप्सम. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. घेणं आपण थांबवू शकत नाही, म्हणून सोडायची वाट मोकळी ठेवावी लागते. जिप्सम आणि वर ॲक्रिलिक रंग चढला की ती वाट बुजते. दोन-तीन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात, मग पोपडे, मग पांढरा लोणा, म्हणजे क्षार. सिमेंटच्या गिलाव्याचंही तेच, फक्त तो सुटताना भिंतीचा थर सोबत घेऊन उतरतो. असा जुना गिलावा असेल तर तो हाताने छिन्नी-हातोडीने काढा, ब्रेकर लावू नका, आणि उघडी भिंत निदान एक पूर्ण उन्हाळा वाळू द्या. वर चुन्याचा गिलावा: महिनाभर तरी पाण्याखाली मुरलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग, ओल जास्त असेल तिथे वाळूचा थोडा वाटा काढून सुरखी, म्हणजे विटांची पूड. एका हाताची, म्हणजे थराची, जाडी १०-१२ मिमीच्या वर नको आणि प्रत्येक हात आठवडाभर ओला ठेवायचा. मातीच्या भिंतीवर थेट चुना धरत नाही; आधी भुसा घातलेल्या मातीचा हात द्यावा लागतो. वर चुन्याची सफेदी चार-पाच पातळ हातांत, शेवटच्या हातात थोडा डिंक, नाहीतर पांढरा खडू येणाऱ्याच्या खांद्याला आणि चित्राच्या चौकटीला लागत राहतो.

फॉल्स सीलिंगने वाड्याचे डोळे बांधले जातात. किलचणातून (माळवदाच्या मातीखालच्या लाकडी थरातून) माती गळतेय, तुळईला भुंगा लागलाय, कौल सरकून पाणी झिरपतंय, हे सगळं खालून कडीपाट, म्हणजे छताच्या कड्या आणि फळ्या, दिसतो म्हणून कळतं. तो झाकला की पहिली खबर चित्रावर पडलेल्या पाण्यानेच मिळते.

एसीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि तेही चांगल्या हेतूने. पावसाळ्यात देशावर बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) २१-२२ अंशांच्या आसपास असतो. दिवसभर एसी चालवून दालन २३ अंशांवर आणलं आणि संध्याकाळी सहाला कुलूप लावून एसी बंद केला, तर बाहेरची दमट हवा आत शिरते. वाड्याची दारं, झरोके, कडीपाटाच्या फटी यातून ती शिरणारच. गार झालेल्या भिंतीपाशी आणि चित्राच्या पाठीशी त्या हवेची आर्द्रता ९० च्या पुढे जाते. पाठीमागे हवा हलत नाही, म्हणून बुरशी तिथेच आधी धरते. समोरून दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय रोजचा झोका. तैलचित्राच्या कॅनव्हासला ६५ टक्क्यांवर स्थिर राहणं परवडतं; दिवसा ५० आणि रात्री ८५ परवडत नाही. ८० च्या वर कॅनव्हास आक्रसतो, रंगाचा थर आक्रसत नाही, आणि काही वर्षांत रंगाचे तुकडे सुटू लागतात. एसी लावायचा तर चोवीस तास आणि हवाबंद खोलीतच. वाड्यात अशी खोली एकच करता येते, ती साठवणीची. तिच्याकडे पुढे येतो.

पॉलिकार्बोनेटच्या छताने चौक बंद केला की वाड्याचं धुराडं बंद होतं. चौकातली तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी सोप्यातून (चौकाभोवतीच्या उघड्या पडवीतून), माजघरातून गार हवा ओढली जाते. जाड भिंतींइतकाच वाड्याचा गारवा या ओढीमुळे असतो. छत टाकल्यावर ऊन आत येतं, उष्णता बाहेर जात नाही. पावसाचा त्रास म्हणाल तर चौक पाणी घेण्यासाठीच बांधलेला आहे. २० बाय २० फुटांच्या चौकात तासाभरात ५० मिमी पाऊस पडला तर फक्त चौकाचं पाणी १८५० लिटर होतं, चारही बाजूंच्या छपरांचं वेगळं. जुना निचरा तेवढं नेत होता. आज तो बुजलेला असेल तर उकरून मोकळा करा. सोप्याच्या कडेला बांबूचे चिक सोडा, उन्हाची तिरीप आणि पावसाची झड दोन्ही अडतात.

म्हणजे कामाची सुरुवात पाण्यापासून. कौलारू बाजूला आधी छप्पर उतरवून वासे आणि रिपा तपासा, मग कौलं परत चढवा. निम्मी कौलं बदलायची वेळ आली तर जुनी एका बाजूला आणि नवी दुसऱ्या बाजूला लावा. मिसळलीत तर माप जमत नाही आणि प्रत्येक सांध्यात गळतं. पन्हळ मोजून घ्या. तासाला १०० मिमी पावसासाठी १०० मिमी व्यासाचा एक उभा पाइप साधारण ४० चौरस मीटर छपराचं पाणी नेतो. वाड्यांवर बहुतेक ठिकाणी शंभर-सव्वाशे चौरस मीटरला एकच पाइप दिसतो, आणि त्याच कोपऱ्यात भिंत खचलेली असते.

माळवदाची गोष्ट निराळी. गळतं म्हणून दर वर्षी पांढऱ्या मातीची नवी खेप टाकायची पद्धत होती, जुनी कुणी काढत नसे. आज एक फूट थर असला तरी दर चौरस मीटरला जवळपास पाचशे किलो कोरडं वजन होतं, भिजल्यावर आणखी जास्त. ते सगळं खालच्या तुळयांवर. कोपऱ्यात एक खड्डा किलचणापर्यंत घेऊन जाडी मोजा. जास्तीची माती समान थरांत उतरवा, एका बाजूने उतरवत गेलात तर चौकट कलते. वर पुन्हा माती नको असेल तर चुना-विटांच्या तुकड्यांचा कोबा, उतार निदान ६० ला १. काँक्रीटचा स्लॅब ओतायचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हणा.

जमिनीकडून येणाऱ्या ओलीसाठी बाहेरच्या बाजूचे पेव्हर आणि काँक्रीट भिंतीपासून दोन-अडीच फूट मागे घ्या, तिथे फूटभर रुंदीचा चर खणा, त्याची खोली जोत्याच्या पायाच्या वरच थांबवा, खडी भरा आणि पाणी उताराने दूर न्या. ओल भिंतीतून येतेय की हवेतून, हे ठरवायला सोपी चाचणी आहे: दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवा, दोन दिवसांनी बघा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे न करता "वॉटरप्रूफिंग" विकत घेऊ नका.

पाण्याचं काम चालू असतानाच मोजणी सुरू करा. तापमान-आर्द्रता नोंदवणारे छोटे डेटा लॉगर मिळतात, काही हजारांत एक. किमान चार घ्या: दिवाणखाना, सोपा, माजघर आणि एक बाहेर पडवीत सावलीला. जमिनीपासून पाच फुटांवर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, दर अर्ध्या तासाला नोंद. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पूर्ण झाल्याशिवाय कुठली खोली कशासाठी हे कायमचं ठरवू नका. आज प्रदर्शनांसाठी बरीच संग्रहालयं ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि चोवीस तासांत १० टक्क्यांहून कमी फरक हा पट्टा पाळतात. तुमचा वाडा ऑक्टोबर ते मार्च तो पट्टा जवळपास आपोआप गाठेल, निदान आतल्या खोल्यांत. एप्रिल-मेमध्ये कोरडा जाईल. पावसाळ्यात गाठणारच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत कागदावरच्या चित्रांचं दालन बंद ठेवा. लोक म्हणतात, दालन चार महिने बंद म्हणजे काय? इंग्लंडमधल्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची बरीच जुनी जहागीरदारी घरं वर्षानुवर्षं हिवाळ्यात बंद राहत आली आहेत. त्या काळात फर्निचरवर कापडं टाकून, पडदे ओढून, सगळी सफाई आणि तपासणी होते. आपला बंद ठेवायचा ऋतू पावसाळा. त्या महिन्यांत चौक आणि सोपा चालू ठेवा, दगड-धातू-मातीची शिल्पं दाखवा, शाळांच्या कार्यशाळा घ्या.

खोल्यांची वाटणी मग साधारण अशी पडते. चौकात पाषाण, धातू, भाजकी माती. सोप्यात छापील प्रती, लाकडी वस्तू, गावाचा इतिहास सांगणारे फलक, म्हणजे ऊन-वारा लागला तरी चालेल किंवा बदलता येईल असं. माडीवरच्या दिवाणखान्यात तैलचित्रं. जलरंग आणि ओलिओग्राफ माजघरात. माजघर काळोखं म्हणून आर्किटेक्ट आधी तिथे खिडकी पाडायला सांगतात. तो काळोखच तुमच्या कामाचा आहे. चहूबाजूंनी खोल्या असल्यामुळे वाड्यात सगळ्यात स्थिर हवाही तिथेच असते. आजच्या चित्रकारांची ॲक्रिलिकची मोठी कामं दिवाणखान्यात बदलती ठेवा. देवडीत तिकीट आणि पिशव्या ठेवायची सोय. स्वच्छतागृह वाड्याच्या आत करू नका, परसात वेगळं बांधा. मातीच्या भिंतीत गळका नळ म्हणजे सहा महिन्यांत भगदाड.

उजेडाचा हिशेब कागदावर मांडा, अंदाजाने नको. लक्समीटर घ्या; लक्स हे उजेड मोजायचं एकक. चौकात दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात, सोप्यात आतपर्यंतही हजारांत मोजावे लागतात. तैलचित्राला १५० ते २०० लक्स पुरतात, जलरंगाला ५०. आणि ५० लक्स म्हणजे "सुरक्षित" असं नाही, कारण कागदावरचा रंग उडणं एकूण मात्रेवर ठरतं. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २००४ च्या शिफारशीनुसार नाजूक रंगांना वर्षाला १५,००० लक्स-तास एवढीच मात्रा. ५० लक्स, रोज ८ तास, म्हणजे दिवसाला ४०० लक्स-तास. ३७ दिवसांत वर्षाचा वाटा संपला. तीन महिने लावलं, त्यात ७५ दिवस दालन उघडं असलं, तर ३०,००० होतात. म्हणजे दोन वर्षांचा वाटा एकदम खर्च झाला आणि ते चित्र त्या दोन वर्षांत पुन्हा लावायचं नाही. तुमच्याकडे जलरंग वीस-पंचवीस असतील तर पाच-सहाचे गट करून आळीपाळीने लावणं सहज जमतं. दिवे एलईडी, रंगनिष्ठा (सीआरआय) ९० च्या वरची, २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड, मंद करता येणारे. खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा, पण जुन्या रंगीत काचांवर नको. तिथे आतून वेगळी चौकट बसवा.

आता चित्र लावायचं कसं. मातीच्या भिंतीत खिळा, रावळप्लग, अँकर काहीच धरत नाही. धरल्यासारखा वाटतो आणि चार महिन्यांनी चित्रासकट निघतो. नक्षीच्या खांबाला किंवा दारावरच्या कोरीव गणेशपट्टीला स्क्रू मारायचा प्रश्नच नाही. दोन पद्धती चालतात. पहिली, तुळईला नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं) अस्तर लावलेला लोखंडी शिकंजा कसून त्यावर आडवी पट्टी, आणि पट्टीवरून २ मिमीच्या स्टेनलेस तारेने चित्र. प्रत्येक चित्राला दोन तारा, एक तुटली तरी दुसरीने पेलावं. काचेसह तीन बाय चार फुटांचं जुनं व्यक्तिचित्र चौकटीसकट १५-२० किलो भरतं. दुसरी पद्धत, जमिनीवर स्वतंत्र उभे फलक. १८ मिमीचा आठ बाय चारचा प्लायचा एक ताव ३५ किलोच्या घरात, चौकट आणि पायाचं वजन धरून दुहेरी फलक शंभराच्या पुढे जातो. तो माडीवर नेण्याआधी पुढे वजनाबद्दल लिहिलंय ते वाचा. प्लाय कमी फॉर्माल्डिहाइडचा घ्या आणि रंग दिल्यावर तीन-चार आठवडे उघड्यावर ठेवा. फलक आणि भिंत यांत दीड फूट जागा, म्हणजे झाडू जातो आणि वाळवीची माती दिसते. कोनाडे भरून काढू नका, मधोमध आलेला कोनाडा असू द्यावा. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर ठेवला तर शाळकरी मुलांनाही मान वर करावी लागत नाही.

चौकटीची पाठ मात्र नीट बघा, वाड्यातलं बरंच काही तिथे घडतं. जुन्या चौकटीला मागून पुठ्ठा किंवा देवदाराची फळी असते. पुठ्ठा आम्लयुक्त, फळीच्या गाठीमागे चित्रावर तपकिरी डाग. दोन्ही काढून पॉलिप्रॉपिलीनची नळीदार शीट लावा, बाजारात सनपॅक म्हणून मिळते तीच. काच कागदाला टेकू नये, मध्ये ३-४ मिमीची पट्टी. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे गोळे, म्हणजे चौकट भिंतीपासून सुटी राहते. बाहेरच्या भिंतीवर निदान एक इंच. ही फट ठेवली की पाहुणेही येतात: पाल, कसर आणि कुंभारीण. कुंभारीण माशी चौकटीच्या मागे मातीचं घर बांधते आणि ती माती थेट कॅनव्हासच्या पाठीला चिकटलेली असते. ओली करून काढू नका. वाळू द्या, मऊ ब्रशने नि बांबूच्या पातळ पट्टीने कडेकडेने उचला. महिन्यातून एकदा प्रत्येक चौकट टॉर्चच्या उजेडात मागून बघायची, हे काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

वजनाचं आता. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात राहत्या घराच्या खोलीला दर चौरस मीटर साधारण २०० किलो भार धरतात, संग्रहालय-कलादालनाला ४००. म्हणजे वापर बदलला की माडीकडून दुप्पट अपेक्षा. १२ बाय ३० फुटांचा दिवाणखाना ३३ चौरस मीटरचा, म्हणजे १३ टन. जुन्या सागवानी तुळया बऱ्याचदा पेलतात, पण टोकाला, जिथे तुळई भिंतीत शिरते, तिथे लाकूड कुजलेलं असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. अणकुचीदार टोच्याने टोक तपासा. दोन सेंटिमीटर सहज आत गेला तर लाकूड गेलेलं आहे. दोन टोकांना दोरी ताणून मधला झोळ मोजा, तारीख लिहा, सहा महिन्यांनी परत मोजा. जुना झोळ चालतो, वाढता झोळ चालत नाही. लाकडाच्या कामाची सवय असलेल्या अभियंत्याकडून लेखी आकडा येईपर्यंत माडीवर एका वेळी वीस माणसं, आणि उद्घाटनाची गर्दी चौकातच.

माडीचा जिना भिंतीतला असेल तर त्याची रुंदी दोन-अडीच फूट आणि वरच्या टोकाला डोकं आपटेल अशी बुटकी चौकट. सगळ्यात अरुंद जागा मोजा. तुमच्या चित्रांची कमाल मापं तीच ठरवते. देणगी स्वीकारण्याआधी हे माप चित्रकाराला कळवलेलं बरं. जिना चढू न शकणाऱ्यांसाठी खालच्या मजल्यावरच पुरेसं बघायला मिळेल अशी मांडणी करा, आणि उंबरठ्यांवर १ ला १२ उताराचे सुटे लाकडी उतार.

लाकडावरचा जुना ऑइलपेंट काढताना कॉस्टिक सोडा वापरू नका, सागवान काळं पडतं आणि पुढे कितीतरी वर्षं क्षार सुटत राहतात. साधा पेंट रिमूव्हर आणि बोथट पातं. नंतर जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून एक हात. आणि तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, चुरगळलेलं फडकं काडी न लावता पेटतं. पाण्यात बुडवा, मग एकेक सुटं उन्हात पसरा. वाळवीसाठी आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे जोत्याला आणि फरशी-भिंतीच्या सांध्याला फूटभर अंतराने १२ मिमीची छिद्रं आणि प्रत्येकी लिटरभर वाळवीनाशक द्रावण. चित्रं आणण्याच्या आधी, नंतर नाही.

आगीकडे वाडेवाले सर्रास दुर्लक्ष करतात. पुण्यात शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, १८७९ मध्ये बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग जळाला. हल्लीचं उदाहरण रिओचं: एके काळी राजवाडा असलेलं ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ ला खाक झालं, आणि तपासात आगीचा उगम एसीपाशी निघाला. तुमच्याकडे जुनी कापडी आवरणाची वायरिंग असेल तर सगळी काढा. नवी वायर धातूच्या नळीतून, लाकडावर न टेकता. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. दिव्यांचं सर्किट रात्री मुख्य स्विचने बंद, धूरसूचक आणि साठवणीची खोली वेगळ्या सर्किटवर. दालनात एबीसी पावडरचं यंत्र नको. छोटी आग विझते, पण ती पावडर क्षरणकारी असते आणि प्रत्येक चित्रावर बसते. तिथे पाण्याच्या धुक्याचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं, पावडरचं बाहेर मीटरपाशी. आणि दिंडी दरवाजातून (मोठ्या दारातल्या छोट्या दारातून) माणसं वाकून एकेक जातात, तोही आत उघडतो. दालन उघडं असेल तेव्हा मुख्य दरवाजाची दोन्ही दारं पूर्ण उघडी हवीत.

साठवणीची खोली. वरच्या छपराखाली नको, जमिनीलगत बाहेरच्या भिंतीलाही नको. माजघरालगतची आतली खोली, साधारण १२ बाय १५ फूट, फटी बुजवून, दाराला रबर पट्टी लावून. दिवसाला ३० लिटरच्या क्षमतेचा डिह्युमिडिफायर ५५-६० टक्क्यांवर लावलेला, पाणी बादलीत न साठवता पाइपने बाहेर. बादली भरली की यंत्र बंद पडतं, आणि ते नेमकं सुट्टीच्या दिवशी. मांडण्या जमिनीपासून सहा इंच वर. नवी देणगी आली की आधी दोन आठवडे वेगळी ठेवा. कीड दिसली तर पॉलिथिनमध्ये गुंडाळून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर. हे कागद आणि कापडासाठी. तैलचित्र फ्रीझरमध्ये घालू नका.

परसात जागा असेल तर पुढे कधीतरी नवं छोटं दालन बांधणं हा मार्ग मला आवडतो. दिल्लीत जयपूर हाउसमध्ये १९५४ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनाने २००९ मध्ये मागे नवी इमारत उघडली. बंगळुरूत माणिक्यवेलू हवेलीच्या कलादालनातही जुन्या वास्तूला नव्या दालनांची जोड दिली आहे. मुंबईत कावसजी जहांगीर हॉलमध्ये बाहेरचं कवच ठेवून आत पूर्ण नवी मांडणी झाली. तो दगडी हॉल होता, मातीच्या वाड्याला ते लागू नाही.

पैशांचा माझा ठोकताळा असा: शंभरातले पन्नास छप्पर, निचरा आणि तुळयांना, वीस वीज आणि आग यांना, पंधरा साठवण आणि चौकटी दुरुस्त करायला, उरलेले मांडणी, दिवे आणि फलकांना. दिव्यांवर आधी खर्च झाला आणि छप्पर राहिलं, असं झालेले वाडे भरपूर आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. वाडा ट्रस्टला तोंडी वापरायला देऊ नका. सगळ्या वारसांच्या सह्यांसह नोंदणीकृत भाडेकरार करा, कारण एक वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवावाच लागतो. वाडा ट्रस्टच्याच मालकीचा झाला तर पुढे कॅफे किंवा दुकान तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देताना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल तर शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही, परसातल्या दालनाचं स्वप्न तिथेच संपतं. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या चित्रांची नोंदणी करावी लागते. त्याची सुरुवात आत्ता, चित्रं भिंतीवरून हलवण्याआधी करा: प्रत्येक चित्राचा पुढून-मागून फोटो, मापं, आत्ता असलेली प्रत्येक चीर आणि डाग लिहून, आणि क्रमांक पेन्सिलीने मागच्या लाकडी चौकटीवर. कॅनव्हासवर नाही, आणि स्केचपेनने तर मुळीच नाही.